आम्ही वापरायचं पाणी नाही

आमच्या वस्तीत प्रत्येक घरात दोन पाणी असतात. एक प्यायचं, एक वापरायचं. प्यायचं पाणी आत, ओट्यावर, झाकण घालून. वापरायचं पाणी दाराबाहेर, निळ्या पिंपात. त्यानं भांडी घासा, पाय धुवा, टमरेल भरा, कुणाची ना नाही. असतं तेही पाणीच. पण त्याला कुणी तोंड लावत नाही.

परवा मिरजेत एका मातीला गेलो होतो. पाळक पेटीशेजारी उभे राहून म्हणाले, ‘देव अपुऱ्या माणसांना वापरतो.’

वापरतो, म्हणाले. मला ते निळं पिंप आठवलं. तेव्हापासून डोक्यात ठिणग्या उडतायत. आणि दोस्तांनो, त्यातल्या निम्म्या तुमच्या अंगावर पडणार आहेत, माझ्या स्वतःच्या अंगावर तर पडल्याच आहेत. तेव्हा पाळकाची हजेरी घेतोय म्हणून आधीच टाळ्या वाजवू नका.

मेला तो माझ्या मावशीचा नवरा. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी. एकाच महारवाड्यातल्या, एका ताटात जेवलेल्या. आईला दिली सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात, बौद्ध घरात. मावशीला दिली मिरजेत, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरात. एकीच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. दुसरीच्या भिंतीवर येशू आणि, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, बाबासाहेब. मी पोटासाठी सांगलीकडं आलो, सूतगिरणीत रिंग फ्रेमवर लागलो, तेव्हा पहिले आठ महिने त्याच घरात माझी पथारी होती. काका कंत्राटदाराकडं गटारं उपसायला जायचे. साधनं न देता माणसाला गटारात उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. काका २०१३ नंतरही उतरत होते. उतरायच्या आधी अर्धी क्वार्टर, वर आल्यावर उरलेली अर्धी. शुद्धीत कोण उतरेल त्या घाणीत? तुम्ही उतराल? मी एकदा झाकणाशी उभा राहून नुसतं खाली बघितलं, तर दुपारचं जेवण वर आलं. लिव्हर गेलं आणि काका गेले.

पाळक माणूस वाईट नव्हता. दारूनं मेलेल्या माणसाच्या पेटीशी उभं राहून बायकापोरांसमोर काय बोलावं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता, आणि त्यानं त्याला येत होतं ते उत्तर दिलं. मोशे तोतरा होता. दाविदानं दुसऱ्याची बायको पळवली. पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा गुरू नाकारला. पौल तर आधी ख्रिस्ती माणसं पकडून देत हिंडायचा. तरी देवानं त्यांना वापरलं. आपले हे बंधूही अपुरे होते, तरी देवानं यांच्या हातून शहर स्वच्छ ठेवून घेतलं.

ठेवून घेतलं! देवानं?

कंत्राटदारानं ठेवून घेतलं, महाराज. रोजावर. पीएफ नाही, दोर नाही, मास्क नाही, हजेरीबुकात नाव नाही. कंत्राटदाराचं बिल देवाच्या नावावर कशाला फाडता?

आणि अपुरं नेमकं काय होतं? मास्क अपुरा होता. हातमोजे अपुरे होते. रोज अपुरा होता. कायदा पुरा होता, पण तो कागदातून गटारापर्यंत पोचायला अपुरा पडला. त्या सगळ्यात काकाच तेवढा पुरा होता. छातीइतक्या घाणीत उभा राहून तो शहराला पुरला, घरातल्या चार पोटांना पुरला, आणि त्या दिवशी मिरजेच्या मातीत पुरला. आणि अपुरा म्हणून नाव कुणाचं घेतलं? त्याचंच.

आम्हाला हे नवं नाही. पूर्वी ‘अपवित्र’ म्हणायचे. आता तो शब्द कायद्यात सापडतो, म्हणून ‘अपुरा’. शब्द मऊ झाला. बोट आमच्याकडंच.

आता पाळक म्हणेल, अरे बाबा, सगळेच अपुरे, सगळेच पापी, पाटीलही पापी आणि महारही पापी, देवासमोर सगळे सारखे. ऐकायला गोड लागतं. आयुष्यात पहिल्यांदा पाटलाच्या रांगेत उभं केलं म्हणून आमच्या आज्या-पणज्यांना ते गोडच लागलं असणार, त्यांना मी हसणार नाही. पण जरा तराजू बघा. पाटलाचं पाप म्हणजे त्यानं विहीर बंद केली. महाराचं पाप म्हणजे त्या विहिरीकडं बघून त्याच्या पोटात राग उठला. ही दोन्ही पापं एका पारड्यात घालून ‘दोघं सारखे’ म्हणणारा दुकानदार मापात मारतोय. विहीर बंद ती बंदच राहिली, आणि दोघंही क्षमा मागून घरी गेले. एक भरल्या घागरीकडं, एक रिकाम्या.

दाविदाची गोष्ट मी रात्रपाळीच्या सुट्टीत मावशीच्याच बायबलात दोनदा वाचली. व्याख्यानात ती अर्धीच सांगतात. राजाला बाई आवडली. तिचा नवरा उरीया, हित्ती, म्हणजे परक्या जमातीचा, राजाच्या फौजेतला इमानी शिपाई. राजानं त्याला लढाईत सगळ्यात पुढं उभा करून बाकीच्यांना मागं घ्यायला लावलं आणि मारवला. त्याची सुपारी असलेली चिठ्ठीसुद्धा त्याच्याच हातून पाठवली. मग राजाला पश्चात्ताप झाला, राजा रडला, देवानं राजाला पुन्हा जवळ घेतलं. ठीक. उरीयाचं काय? उरीयाला कुणी वापरलं? दाविदाचा अपुरेपणा देवाच्या कामी आला म्हणता, पण तो अपुरेपणा उरीयाच्या अंगावरून गेला होता. त्या गोष्टीत नाथान नावाचा एक माणूस राजाच्या तोंडावर बोट रोखून बोलतो. गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून राजाला त्याच्याच शब्दात पकडतो. तो नाथान मला आवडला. मंडळींनी व्याख्यानं दाविदावर द्यायची सोडून नाथानावर दिली असती, तर मिरज-सांगलीतल्या कंत्राटदारांची झोप उडाली असती.

हे मीच पहिल्यांदा म्हणत नाही. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहून ठेवलंय. ते १९८९ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात छापलं गेलं. माझं इंग्रजी म्हणजे मशीनवरची पाटी वाचण्याइतकं. डिक्शनरी शेजारी घेऊन मला ती प्रकरणं वाचायला पंधरा-वीस दिवस लागले. मिशननं शाळा काढल्या, दवाखाने काढले, हे श्रेय त्यांनी मिशनला दिलंय. आणि मग हातचं न राखता सांगितलंय की मूळ पापाची शिकवण अस्पृश्याला उलटं शिकवते. तू पडलास तो भोवतालच्या समाजव्यवस्थेनं पाडला म्हणून नव्हे, तर तुझ्या स्वतःच्या पापानं, असं त्याला सांगते. मग तो व्यवस्थेवर कशाला तुटून पडेल? तो गुडघ्यावर बसेल. मला वाटतं, काकाच्या पेटीशी झालेल्या त्या पाच मिनिटांच्या व्याख्यानाचं उत्तर बाबासाहेबांनी काका जन्मायच्या आधीच लिहून ठेवलं होतं.

पण ‘अपुऱ्या माणसाचा वापर’ हे काही एकट्या चर्चचं दुकान नाही. आपल्याकडंही तो माल खपतो, फक्त वेष्टन वेगळं. साताऱ्याचीच गोष्ट घ्या. ७ नोव्हेंबर १९०० ला छोट्या भीमाचं नाव साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत दाखल झालं. आता ७ नोव्हेंबर राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात, आम्हीही जातो. प्रत्येक वर्षी कुणीतरी वक्ता त्या प्रेमळ मास्तरांची गोष्ट सांगतो. मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजीभाकरी भीमाला देणारे आंबेडकर मास्तर. बाबासाहेबांनी ती आठवण जिव्हाळ्यानं जपली, तो त्यांचा मोठेपणा. पण चरित्रात नीट वाचा, मास्तर भाकरी हातावर टाकायचे. वरून. गोणपाटावर वेगळं बसणाऱ्या पोराच्या ओंजळीत, शिवाशीव न होता. वक्ता भाकरीवर दहा मिनिटं बोलतो. भाकरी आणि ओंजळ यांच्यामधल्या त्या वीतभर हवेवर कुणी बोलत नाही. माझं म्हणणं, आपला सगळा इतिहास त्या वीतभर हवेत आहे.

त्याच्या पुढच्याच सुमाराची मसूर स्टेशनची गोष्ट तर बाबासाहेबांनी स्वतः लिहिलीय. १९०१ च्या आसपास. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी कामावर खजिनदार. सुट्टीत त्यांना भेटायला नऊ-दहा वर्षांचा भीम, भाऊ आणि भाचे घेऊन रेल्वेनं मसूरला उतरला. चांगले कपडे, टोप्या. स्टेशनमास्तर प्रेमानं बोलला. पोरं म्हणाली, आम्ही महार. मास्तरचा चेहरा पडला. पण त्याला दया आली. गाडीवान तयार होईनात, तेव्हा त्यानंच तोड काढली. दुप्पट भाडं द्या, गाडी तुम्हीच हाका, गाडीवान विटाळ नको म्हणून बाजूनं चालेल. झाला की नाही देवाचा वापर? देवानं स्टेशनमास्तर वापरला, गाडीवान वापरला, बैल वापरले. दुप्पट भाडंही मिळालं. बरोबर डबा होता, आणि रात्रभर त्या पोरांना कुणी प्यायला पाणी दिलं नाही. भाकरी होती म्हणून उपाशी, कारण पाण्यावाचून घास उतरत नाही. मी त्या रस्त्यानं एसटीनं गेलोय. खिडकीतून नुसतं बघितलं, तरी घशाला कोरड पडते.

तेव्हा, दया करणाऱ्या माणसाचा अपुरेपणा कसा झाकावा, याची पद्धत या मुलखात जुनी आहे. देणाऱ्याचा अपुरेपणा माफ. घेणाऱ्यानं उपकार मानायचे.

साताऱ्याच्या मातीत ख्रिस्ती गोष्टीही आहेत, आणि सगळ्याच हाणण्यासारख्या नाहीत. रेव्हरंड टिळक, ते कवी, १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यालाच येऊन राहिले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागं येणारा कुणीही तिथं चालेल, ही कल्पना. गोऱ्या साहेबाचा पगार सोडायला छाती लागते, हे मी गिरणी कामगार म्हणून सांगतो. पण नाव बघा, ‘दरबार’! छत्रपतींच्या गादीच्या गावात दरबार म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं काय येतं? दारात काठी घेऊन उभा असलेला महार. आणि आणखी एक सलतं. टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले. त्याआधी आणि त्यानंतर नगरापासून मिरजेपर्यंत कितीक महार-मांग ख्रिस्ती झाले. चर्चच्या बाकांवर तेच बसले, तेच गायले. पण मराठी ख्रिस्ती म्हणून पाठ्यपुस्तकात कोण? एक ब्राह्मण. देवसुद्धा वापरायचं आणि मिरवायचं वेगळं ठेवतो काय?

लक्ष्मीबाईंना मात्र माझा सलाम. ‘स्मृतिचित्रे’ मी सांगलीच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांत घेतलं. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही ही बाई सोवळं पाळत राहिली, स्वतंत्र चूल, स्वतंत्र पाणी. १९०० ला स्वतः ख्रिस्ती झाली. आणि तो सगळा सोवळ्याचा खुळेपणा तिनं स्वतःच्या हातानं लिहून काढला, हसत, लाज न लपवता. तिनं आपला अपुरेपणा देवाच्या पदराखाली सरकवला नाही. चव्हाट्यावर मांडला. असा कबुलीजबाब मला एखाद्या मास्तरानं, स्टेशनमास्तरानं दिलेला वाचायचाय.

आणि मुक्ताला विसरू नका. चौदा वर्षांची मांगाची पोर, जोतिबा-सावित्रीच्या शाळेतली. जोतिबांचं मूळ साताऱ्यातलं कटगुण, सावित्रीबाई साताऱ्याच्या नायगावच्या. मुक्तानं मांगा-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली छापला कुणी? ‘ज्ञानोदया’नं, अमेरिकन मिशनच्या पत्रानं. म्हणजे इथं उलटा हिशेब आहे. मुक्तानं मिशनला वापरलं! तिनं देवालाच विचारलं की आमचा धर्म कोणता ते सांग. पाळक ज्यांना देवाची हत्यारं म्हणतात, त्यांनीच हत्यार उचललं तर काय होतं, ते बघायचं असेल तर तो निबंध काढून वाचा. माझं पाळकाशी भांडण एवढ्यावरच आहे. मिशनचा छापखाना अपुऱ्या माणसांचा असेल, असू दे. पण मुठीत कोण आणि मूठ कुणाची, हे आधी सांगा.

इथपर्यंतचं मी मातीच्या तिसऱ्या दिवशी मावशीला ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती. तीस वर्षं तिनं एका दवाखान्यात आया म्हणून काढली. मिरजेत ते काम काही नवं नाही. कॅनडात जन्मलेल्या डॉक्टर वानलेसनं १८९४ ला इथं मिशनचा दवाखाना काढला, १८९७ ला डॉक्टर घडवायची शाळा काढली, १९२८ ला त्याला सर ही पदवी मिळाली, सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला त्याचं नाव आहे. ते असावंच. त्यानं माणसं वाचवली. पण तेव्हापासून आजपर्यंत या गावच्या दवाखान्यांतले पॉट ज्यांनी धुतले, त्यांच्या नावाची बोळसुद्धा नाही. मावशीला मी तेच म्हणालो. म्हणालो, तुला वापरलं त्यांनी. देवानं पण आणि माणसांनी पण.

ती म्हणाली, ‘आन् तुला मिलमधी काय पूजतात व्हय? धागा तुटला की तू जोडायचा आन् कापडावर नाव मालकाचं. तुझ्या युनियननं तुला वापरलं न्हाई? मोर्चाला ट्रकात घालून न्हेलं आन् येताना यष्टीचं तिकीट तुझं तूच काढलंस.’

मी गप्प.

मग म्हणाली, ‘बामनाचं धुतलं, मराठ्याचं धुतलं, मुसलमानाचं धुतलं. आजारी मानूस जात इच्यारत न्हाई रं, बरं झाल्यावर इच्यारतो. तीस वर्सात माझं नाव घेऊन हाक मारणारी मानसं किती सांगू? आया, ए आया. म्हणून मी म्हनायची, देवा, हे तूच करून घेतोस. म्हंजे मग ते काम माझ्या आन् त्याच्यामधलं झालं. मधी सिस्टर न्हाई, मुकादम न्हाई. तू पुस्तकं वाचलीस, तुला राग आला, बरं झालं. मला राग येऊन चाललं नसतं. दोन पोरं होती.’

याला मी काय उत्तर देऊ? आठ दिवस झाले, शोधतोय. रात्री फ्रेमच्या दोन्ही बाजूंना फेऱ्या मारताना शोधतोय. पाळक जेव्हा म्हणतो ‘देव वापरतो’, तेव्हा कंत्राटदार सुटतो. मावशी तेच म्हणते, तेव्हा ती स्वतः मुकादमाच्या हातातून सुटते. शब्द तेच. पेटीशेजारून बोलले की वेगळे, मोरीतून बोलले की वेगळे. म्हणून मावशीच्या देवावर मी दगड मारणार नाही. पाळकाच्या वाक्यावर मारीन.

आणि आता तुमच्याकडं वळतो, दोस्तांनो. सावरून बसा म्हणालो होतो.

गेल्या जयंतीला आमच्या वस्तीच्या कमिटीत विषय निघाला. माझा मावसभाऊ, मावशीचा धाकटा, पेटी वाजवतो, गातो. बाबासाहेबांवर त्यानं स्वतः गाणं बांधलंय. आमच्या वस्तीतल्या डीजेवरच्या दहा गाण्यांपेक्षा ते चांगलं आहे, हे मी भाऊ म्हणून नाही, कवी म्हणून सांगतो. मी नाव सुचवलं. अध्यक्ष म्हणाला, ‘तो ख्रिश्चन हाय.’ दुसरा म्हणाला, ‘दुधाच्या पावडरीवर गेलेली माणसं.’ सगळे हसले. मी हसलो नाही. पण बोललोही नाही. काकाच्या मातीच्या वेळी पाळकावर मनातल्या मनात दात खाणारा हा विद्रोही कवी आपल्या कमिटीत मान खाली घालून वर्गणीचं पावतीबुक चाळत बसला. आणि त्या पावतीबुकात कोण कोण होतं? हातभट्टीवाला होता, पाचशे एक. मटकेवाला होता, हजार एक. निवडणुकीपुरता निळा गमजा घालणारा पुढारी होता, पाच हजार एक. त्यांचा अपुरेपणा आम्हाला खटकला नाही. पावती फाडली की पुरे होतात. म्हणजे आपणही अपुरी माणसं वापरतो, दोस्तांनो. देव मध्ये न घालता वापरतो. गाणारा तेवढा चालत नाही.

दुधाच्या पावडरीची भाषा कुणाची आहे, ठाऊक आहे? ती वरच्या आळीची भाषा. उपाशी माणसानं भाकरीसाठी दार बदललं म्हणून हसायचं, आणि आपल्या दारात त्याला उपाशी कुणी ठेवलं ते विचारायचं नाही. सवलतीसाठी बौद्ध झाले, असंही आपल्याला ऐकवतातच की. आणि खरं काय होतं? अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला १९५० साली. त्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलं, हिंदूच तेवढा अनुसूचित. १९५६ ला त्यात शीख घेतले. बौद्ध कधी घेतले? १९९० ला. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण दीक्षा घेतली, आणि चौतीस वर्षं दिल्लीच्या हिशेबात आपण अस्पृश्य राहिलो नव्हतो. गावच्या पाणवठ्यावर होतो, दिल्लीच्या कागदावर नव्हतो. आपल्या आज्या-बापांनी ते भोगलंय. आज त्याच जागी माझा मावसभाऊ उभा आहे. त्याच्या दाखल्यावर ख्रिश्चन. गल्लीतले त्याला अजून जातीच्याच नावानं ओळखतात, शिवी देताना तर नक्कीच. पण त्या शिवीवर अॅट्रॉसिटीखाली तक्रार करायला तो कायद्यानं अनुसूचित जातीचा नाही. १९८५ ला सर्वोच्च न्यायालयात तमिळनाडूच्या एका ख्रिस्ती चांभाराची केस हरली. २००७ ला रंगनाथ मिश्र आयोगानं सांगितलं की जातीला धर्माची अट नको. तो अहवाल तसाच राहिला. २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला. आणि २६ नोव्हेंबर २०२४ ला, संविधान दिनालाच, पुदुच्चेरीच्या एका बाईच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, चर्चला जायचं आणि आरक्षणापुरतं हिंदू म्हणवायचं ही संविधानाशी फसवणूक आहे. निकाल मावसभावानं मला मोबाईलवर वाचून दाखवला. म्हणाला, ‘दादा, गटारात उतरताना बाबाला कुणी इच्यारलं का, तू हिंदू का ख्रिश्चन?’

आपले काही शहाणे म्हणतील, ख्रिस्ती अनुसूचितात आले तर आपल्या ताटातलं कमी होईल. १९९० च्या आधी आपल्याविषयीही हेच बोलले गेले नसेल कशावरून? ताट मोठं करा म्हणून मोर्चा काढायचा, की पंगतीतला माणूस उठवायचा? उठवायची कला गावानं आपल्याला हजार वर्षं शिकवलीय, ती आपण इतक्या लवकर आत्मसात करावी याची मला शरम वाटते.

बाबासाहेब काय करायचे? १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ते ख्रिस्ती मंडळींच्या सभेत गेले. त्यांच्यातच उभे राहून त्यांना तोंडावर सुनावलं की सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही लढला नाहीत, राजकारणात मागं राहिलात. गोड बोलले नाहीत. पण गेले. त्यांना आपलं मानलं म्हणूनच सुनावलं. आपण सुनावतही नाही आणि जातही नाही. आपण फक्त हसतो.

धम्मातलंच काढा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घरोघरी आहे, पानं कोरी करकरीत. त्यात उपाली न्हावी आहे. शाक्य राजपुत्र भिक्खू व्हायला निघाले, तेव्हा आधी दीक्षा न्हाव्याला, म्हणजे राजपुत्रांनी त्याच्या पाया पडायचं. उपालीला कुणी ‘अपुरा’ म्हणालं नाही. अपुरेपणा राजपुत्रांच्या ताठ मानेत होता, तो वाकवून काढला. सुनीत भंगी आहे, सुप्पबुद्ध कुष्ठरोगी आहे. तिथं वापर नाही. तिथं वाट आहे आणि चालणारा आहे. आपल्या कमिटीत उपाली आला असता, तर आपण त्याला मंडपाच्या मागं बसवून कार्यकर्त्यांच्या दाढ्या करायला लावल्या असत्या.

मला वाद घालायचाय. ख्रिस्ती पोरांशीही घालायचाय. तुमच्या मंडळीत स्मशानभूमीच्या जागेवरून, कमिटीवरून, कोण मूळचा कुठल्या जातीचा यावरून काय चालतं ते मावशीच्या घरी आठ महिन्यांत मी ऐकलंय. येशू ज्या सुताराच्या घरात वाढला, त्या सुताराचा रोज किती होता हे तुमच्या व्याख्यानांत कधी येत नाही. पण तो वाद एका मांडवाखाली बसून घालायचाय. गाण्याआधी, गाण्यानंतर, हवा तेवढा.

येत्या रविवारी संध्याकाळी सहाला कमिटीची मिटिंग आहे, समाजमंदिरात. मी मावसभावाला घेऊन येणार आहे. त्याच्या खांद्याला पेटी असेल आणि गळ्यात क्रूस असेल. क्रूस शर्टाच्या आत घाल, असं मी त्याला सांगणार नाही. ज्यांची हरकत आहे, त्यांनी मला आधी येऊन भेटावं. या आठवड्यात माझी रात्रपाळी आहे, दुपारी बारानंतर जागा असतो. मावशी पण येते म्हणालीय. तिला एक खुर्ची लागेल. उभं राहून राहून तिचे गुडघे गेलेत.